ड्युटीच्या तक्त्यातून सुटलेल्या मुली

प्रिय मिल्ड्रेडबाई माँटॅग,



तुम्ही २००४ साली गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. तरीही ते तुम्हालाच आणि जाहीरपणे लिहिते आहे. आमच्याकडच्या अधिसेविका, प्राचार्य, आणि ज्यांची मुलगी यंदा बारावी होऊन नर्सिंगला जाणार आहे ते आईबाप, या सगळ्यांच्या कानावर ते पडावं असं वाटतं. मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवत होते. सरकारी कागदावर ‘पाठ्यनिर्देशिका’, मुलींच्या तोंडी ट्यूटर मॅडम. निम्मी नोकरी शिकवण्यात गेली आणि निम्मी भांडण्यात. भांडणाचा विषय कायम एकच असायचा: विद्यार्थिनीचा दिवस कोणाच्या मालकीचा? स्कूलच्या की वॉर्डाच्या?

आमच्या नर्सिंगच्या इतिहासात फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर हमखास प्रश्न येतो. तुमच्यावर टीप लिहा म्हणूनही कोणी विचारत नाही. अमेरिकेत शिकून परवाना परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्या नर्सेसपैकी निम्म्याच्या आसपास मुली (आणि मुलगेही) तुम्ही उघडलेल्या दारातून आलेल्या असतात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची पदवी घेऊन. एका बाईच्या पीएचडीच्या प्रबंधातून इतकं मोठं काही उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण आमच्या पेशात मला ठाऊक नाही. पीएचडी नव्हे, ईडीडी. तुमच्या कोलंबियातल्या टीचर्स कॉलेजात शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट अशी वेगळी मिळायची. ट्यूटर असल्यामुळे असल्या बारीकसारीक चुका माझ्या हातून सुटत नाहीत, तेवढं चालवून घ्या.

तुमचं गाव स्ट्रबल, आयोवा. जन्म १९०८ चा. हॅमलिनमध्ये पदवी, मग मिनेसोटा विद्यापीठात नर्सिंग, मग न्यूयॉर्क. तिथे तुम्ही काही काळ हेन्री स्ट्रीटच्या घरभेटीच्या सेवेत काम केलंत. लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये सुरू केलेलं ते काम. गरीब वस्तीत जिने चढून जायचं, बाळंतिणीला, क्षयाच्या रोग्याला, जखम चिघळलेल्या कामगाराला घरी जाऊन पाहायचं. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे, कारण पुढे याच मुद्द्यावर तुमच्याशी माझं वाजणार आहे.

१९४३ साली, ऐन युद्धात, लाँग आयलंडवरच्या अ‍ॅडेल्फी कॉलेजात नर्सिंगचा विभाग उभा करायला तुम्हाला बोलावलं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं कॅडेट नर्स कोअर काढलं. फी, गणवेश, खर्चाला पैसे, सगळं सरकारचं, अट एवढीच की लवकर तयार व्हा आणि युद्ध संपेपर्यंत काम करा. तीन वर्षांचा अभ्यास तीस महिन्यांत बसवायचा होता. तो बसला. आभाळ कोसळलं नाही. उरलेले महिने इतकी वर्षं मुली नेमकं काय करत होत्या, हा प्रश्न तुमच्या डोक्यात तिथेच शिरला असावा असा माझा तर्क आहे.

काय करत होत्या ते तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत आहे. राबत होत्या. तुमच्याकडच्या बहुतेक नर्सेस तेव्हा रुग्णालयाच्या तीन वर्षांच्या डिप्लोमा शाळांतून यायच्या. शाळा रुग्णालयाची, वसतिगृह रुग्णालयाचं, आणि मुलगीही रुग्णालयाची. लग्न केलं तर बहुतेक शाळांत नाव कापलं जायचं. वॉर्डात माणसं कमी पडली की वर्ग रद्द. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालात हे लिहिलेलं होतं, १९४८ च्या एस्थर ल्युसील ब्राऊन यांच्या अहवालात पुन्हा लिहिलेलं होतं. नर्सचं शिक्षण रुग्णालयाच्या हातातून काढून उच्च शिक्षणात न्या, असं दोन्ही अहवाल सांगत होते. अहवालांचं पुढे काय होतं हे आमच्या देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९४६ चा आमचा भोर समितीचा अहवाल आम्ही अजून भाषणांत वापरतो.

तुमचं वेगळेपण असं, की तुम्ही शिफारस करून थांबला नाहीत. १९५१ मध्ये प्रबंधाचं पुस्तक झालं. त्यात तुम्ही नर्सिंगच्या कामाची तीन पायऱ्यांत वाटणी केलीत: मदतनिसाचं काम, मधल्या पायरीवरचं ‘नर्सिंग टेक्निशियन’चं काम आणि वरचं, गुंतागुंतीच्या निर्णयांचं व्यावसायिक काम. मधल्या पायरीसाठी दोन वर्षं पुरेत आणि ती कॉलेजात द्यावीत, हा तुमचा दावा. त्या सुमारास गावोगावी ज्युनिअर कॉलेजं, कम्युनिटी कॉलेजं निघत होती. १९४७ च्या ट्रुमन आयोगानं तर त्यांचा पुरस्कारच केला होता. घरी राहून, बसनं ये-जा करून, थोड्या फीत शिकायची सोय. तुमच्या विभागप्रमुख लुईझ मॅकमॅनस यांनी निनावी देणगी मिळवली आणि जानेवारी १९५२ पासून पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. सात कॉलेजं आणि न्यू जर्सीतलं एक रुग्णालय. मिडलटाऊनचं ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज, फेअर्ली डिकिन्सन, डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड, युटातलं वेबर, कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना. परदेशातली ही गावं मी नकाशात शोधून पाहिली. एखाददुसरं सोडलं तर आमच्या बारामती-चाळीसगावसारखी, महानगराच्या सावलीत नाहीतर पार लांब.

हे ‘दोन वर्षं’ मात्र सगळ्यांच्या इतकं डोळ्यांत भरलं, की तुमचं खरं काम त्याच्यामागे झाकलं गेलं. अभ्यास छोटा करणं काही मोठी गोष्ट नाही. आमच्याकडे सहा महिन्यांत ‘नर्सिंग’ शिकवणारे क्लास बसस्टँडसमोर पाट्या लावून बसलेले आहेत. तुमचं खरं काम म्हणजे तुम्ही विद्यार्थिनीचं नाव ड्युटीच्या तक्त्यातून काढलंत. रुग्णालय ही शिकण्याची जागा, प्रयोगशाळा. तिथे मुलगी कोणत्या दिवशी येणार, किती तास थांबणार, कोणता रुग्ण बघणार हे कॉलेजातली शिक्षिका ठरवणार. तास संपले की मुलगी निघणार, मग वॉर्डात कितीही ओरड असो.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी वॉर्ड आतून पाहिलेला नाही त्यांना यात काय मोठंसं असं वाटेल. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते.

आमच्याकडे वॉर्डात कामं वाटली जातात, रुग्ण नव्हे. एक जण बेड करणार, एक गोळ्या, एक इंजेक्शनं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात येतो टीपीआरचा ट्रे: थर्मामीटर, कापसाचे बोळे, वही. तापमान, नाडी, श्वसन, अख्ख्या वॉर्डाचं. मुलगी नवी असते तेव्हा प्रत्येकाच्या मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजते. आठवडाभरात तिच्या ध्यानात येतं, की असं मोजत बसलं तर डॉक्टरांचा राऊंड येईपर्यंत वॉर्डाचं एक टोकसुद्धा पुरं होत नाही, आणि मग इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर बोलतात. मग वहीत ओळीनं उमटायला लागतं: नाडी ८०, श्वसन २०. नाडी ८२, श्वसन २०. न्युमोनियाचे आजोबा समोर धापा टाकताहेत, त्यांचंही श्वसन २०. हे खोटं तिला कोणी शिकवलेलं नसतं, तक्ता शिकवतो. मी स्कूलमध्ये फळ्यावर श्वसनाचे प्रकार काढून दाखवायचे आणि ती वॉर्डात जाऊन वीस लिहायची. पगार मात्र मला शिकवण्याचा मिळायचा.

तुमच्या पद्धतीत शिक्षिका आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन केसपेपर चाळून मुलींसाठी रुग्ण निवडते. एका मुलीला एक, फार तर दोन. मुलगी रात्री घरी त्या आजाराचं वाचते, गोळ्यांची नावं आणि कामं लिहून आणते. सकाळी वॉर्डात शिरण्याआधी सगळ्या एका कोपऱ्यात उभ्या राहतात आणि शिक्षिका विचारते: तुझ्या रुग्णाला ही लघवीची गोळी का चालू आहे? आज त्याचं काय काय बघशील? पोटॅशियमचा रिपोर्ट पाहिलास? उत्तर आलं नाही तर त्या मुलीला गोळी द्यायची परवानगी नाही. दुपारी पुन्हा बसायचं, कोणी काय पाहिलं ते बोलायचं. अशा मुलीला धापा टाकणाऱ्या माणसापुढे वीस लिहिणं जमतच नाही. सकाळपासून तिच्यापुढे तो एकच माणूस असतो आणि दुपारी त्याच्याबद्दल दहा जणींसमोर तोंड उघडायचं असतं.

परवाना परीक्षेत तुमच्या प्रयोगातल्या मुली बाकीच्यांच्या बरोबरीनं उतरल्या. १९५९ मध्ये तुम्ही निष्कर्ष छापलेत, केलॉग फाउंडेशननं चार राज्यांत हात दिला आणि मग ही कॉलेजं थांबली नाहीत.

या मुली होत्या कोण, हेही सांगायला हवं. तुमच्या डोळ्यांसमोर सुरुवातीला बहुधा अठरा-एकोणीसच्या तरुणी असाव्यात. वर्गात येऊन बसल्या त्या वेगळ्याच. लग्न झालेल्या, पोरं शाळेत घालून आलेल्या, नवऱ्याची नोकरी गेलेल्या, कारखान्यात पाळी करून आलेल्या, आणि पुरुषही. रुग्णालयाच्या शाळेत यांतल्या बहुतेकांना फाटकातच अडवलं असतं. वसतिगृहात राहायची सक्ती नाही आणि लग्नाची आडकाठी नाही, एवढ्या दोनच गोष्टींनी वर्गाचा चेहरा बदलला.

आमच्याकडे ही गोष्ट एका बाईंनी तुमच्या आधी ओळखली होती. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या स्त्रियांना, त्यांत कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. ब्राह्मण घरातली विधवा परपुरुषाची जखम धुणार, यावर पुण्यात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. रमाबाईंनी त्यांच्या राहण्याची सोय केली, पाठीशी उभ्या राहिल्या. ज्या बाईच्या आयुष्याचं पुढे काही होणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, ती नर्सिंगमध्ये उत्तम टिकते, कारण तिला परत जायला जागा नसते. ऐकायला कठोर वाटेल, पण वॉर्डात पाहिलेलं आहे.

आता तुमचं काय चुकलं ते.

तुमची मधली पायरी कागदावर सुबक होती, वॉर्डात ती कधी दिसलीच नाही. टेक्निशियन नर्स म्हणून तुम्ही जिला घडवलंत तिला परीक्षा तीच, परवाना तोच, आरएनचा (नोंदणीकृत नर्सचा) बिल्ला तोच. मग रात्री तीन वाजता वॉर्डात ती एकटी असताना ‘हा निर्णय वरच्या पायरीचा आहे’ असं म्हणून ती थांबणार कशी? रुग्णालयांनाही फरक नको होता, त्यांना वॉर्ड भरायचे होते. १९६५ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशननं जाहीर केलं, की व्यावसायिक नर्सला किमान चार वर्षांची पदवी हवी, दोन वर्षांवाल्या ‘तांत्रिक’. तुमचीच विभागणी तुमच्या मुलींच्या अंगावर आली. तेव्हापासून तुमच्याकडे जे भांडण सुरू झालं ते साठ वर्षं मिटलेलं नाही. नॉर्थ डाकोटानं चार वर्षांची सक्ती केली आणि २००३ मध्ये मागे घेतली. त्याच वर्षी लिंडा एकन यांचा अभ्यास आला: रुग्णालयात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तर शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी. या अभ्यासाकडे मी डोळेझाक करणार नाही. शिकण्याला वेळ जास्त मिळाला तर नर्स जास्त शहाणी होते, हे मान्य नसेल तर मी इतकी वर्षं वर्ग कशाला घेतले?

पण त्या अभ्यासावरून दोन वर्षांचं दार बंद करा असं कोणी म्हणालं, की मी तुमच्या बाजूला येऊन उभी राहते. तुम्ही या पदवीला शेवटची पदवी मानत होतात. त्या मुलींनी मानली नाही. त्या नोकरी करत करत पुढे शिकल्या, चार वर्षांची पदवी घेतली, कित्येक जणी शिक्षिका होऊन त्याच कॉलेजात परत आल्या. २०१७ साली न्यूयॉर्क राज्यानं जो कायदा केला तो मला यातला सर्वांत समजूतदार वाटतो: दोन वर्षांवर नोकरीला लागा, दहा वर्षांत चार वर्षांची पदवी पूर्ण करा. कॅलिफोर्नियात काही कम्युनिटी कॉलेजांनाच चार वर्षांची पदवी देऊ द्यावी असं विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, राज्यपालांनी ते अडवलं. म्हणजे भांडण चालूच आहे. तुम्ही असतात तर कोणत्या बाजूला बसला असतात, मला खात्रीनं सांगता येत नाही.

या सगळ्यात जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही ती म्हणजे तिथली शिक्षिका. नर्सिंगमध्ये मास्टर्स करून ती कम्युनिटी कॉलेजात येते आणि बऱ्याचदा तिचीच विद्यार्थिनी रुग्णालयात पहिल्या नोकरीत तिच्यापेक्षा जास्त पगार घेते. आठ-दहा मुलींचा गट घेऊन ती पहाटे वॉर्डात हजर असते. वॉर्ड तिचा नाही, स्टाफ तिचा नाही, आणि दहा मुलींपैकी कोणाचंही औषध चुकलं तर जाब तिला. दुपारी स्किल लॅब, रात्री केअर प्लॅनच्या वह्या. कॉलेजचा निकाल घसरला की राज्याच्या नर्सिंग बोर्डाची नोटीस येते आणि प्राचार्यांच्या खोलीत तिलाच बोलावतात. शनिवारी गावातल्या चर्चमध्ये रक्तदाबाची तपासणी, शाळेत फ्लूची लस, ज्येष्ठांच्या केंद्रात मधुमेहाची माहिती. हे सगळं मुलींना घेऊन तीच करते, त्याचे तास कुठे धरले जातात न जातात. त्या गावच्या रुग्णालयात बहुतेक नर्सेस तिच्याच हाताखालच्या असतात. दर काही वर्षांनी कोणीतरी निवृत्त होतं, कॉलेजात केक कापतात, स्थानिक पेपरात चार ओळी येतात. आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ.

आता माझी तक्रार. वर म्हटलं होतं, वाजणार आहे.

तुम्ही स्वतः हेन्री स्ट्रीटचे जिने चढला होतात. मग नाव ‘कम्युनिटी’ कॉलेज आणि आतली मुलगी मात्र घडवली रुग्णालयाच्या खाटेसाठी, असं का केलंत? सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण तुमच्या विभागणीत वरच्या पायरीवर, चार वर्षांवाल्यांकडे गेलं. दोन वर्षांत सगळं बसत नाही, मान्य. पण जी बाई त्या गावात जन्मली, तिथेच संसार करते, जिला कोणत्या गल्लीत कोण आजारी आहे ते ठाऊक असतं, तिलाच गावाचं आरोग्य शिकवायचं नाही, हे मला पटत नाही. आमच्याकडे बाकी हजार दोष असतील. पण आमची एएनएम (सहायक परिचारिका) असो की जीएनएम (तीन वर्षांच्या डिप्लोमाची नर्स), तिला वस्तीवर पाठवतातच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावात मुक्काम, घरं वाटून दिलेली, एका कुटुंबाचा अभ्यास.

तिथलं एक दृश्य तुम्हाला ओळखीचं वाटेल. घरभेटीची पिशवी, आमच्याकडे कम्युनिटी बॅग. मुलगी घरात शिरते, पिशवी खाली टेकवत नाही. आधी वर्तमानपत्राचा कागद पसरते, त्यावर पिशवी. साबण, नॅपकिन आधी बाहेर काढायचा, हात धुऊन यायचं, मगच पिशवीत पुन्हा हात घालायचा. वापरलेलं सामान वेगळ्या कागदावर. निघताना कागदाची घडी मळकी बाजू आत घालून करायची. ती बघत बसलेली सासू सुरुवातीला म्हणते, आमचं घर काय घाण आहे का? मग मुलगी सांगते, की तुमच्या घरचं दुसरीकडे आणि दुसरीकडचं तुमच्या बाळाला जायला नको म्हणून. पुढच्या भेटीला सासूनं स्वतःच कागद अंथरून ठेवलेला असतो. ती पिशवी उघडायची शिस्त घरभेटीच्या नर्सेसनी जगभर नेली. तुमच्याही हाताला ती असणार. वर्गातल्या कितीतरी तासांपेक्षा तो एक कागद जास्त शिकवून जातो, आणि तुमच्या दोन वर्षांच्या आराखड्यात त्याला जागा मिळाली नाही.

आमच्याकडचं सध्याचं सांगते. तीन वर्षांचा जीएनएम बंद करून सगळीकडे चार वर्षांचं बी.एस्सी. करायची भाषा अधूनमधून होते, मग थंडावते. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा. पदवी वाढवण्याला माझा विरोध नाही. १९६४ पासून मुंबईत एसएनडीटीच्या लीलाबाई ठाकरसी कॉलेजानं किती चांगल्या मुली दिल्या ते मी जाणते. पण जीएनएम तीन वर्षांचं की बी.एस्सी. चार वर्षांचं, यावर चर्चासत्रं होतात आणि तक्त्याचा विषय कोणी काढत नाही. सरकारी रुग्णालयात स्टाफची पदं रिकामी, म्हणून मुली तक्त्यावर. खाजगी कॉलेजांपैकी काहींची तऱ्हा याच्या उलट: इमारत चकचकीत, स्वतःच्या रुग्णालयातल्या खाटा बऱ्याचशा कागदावर, आणि मुली बसनं कुठल्यातरी रुग्णालयात जाऊन भिंतीला टेकून उभ्या. एकीकडे मुलगी राबते, दुसरीकडे ती बघते. शिकत कुठेच नाही. चार वर्षं केली तर राबणं किंवा उभं राहणं एक वर्षानं वाढेल, इतकंच.

आणि तुमची अमेरिका आज आमच्या मुलींना बोलावते आहे. मुंबईत बसून त्या तुमच्याकडची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देतात. मिडलटाऊनची मुलगी देते तीच. पास झालेल्या मुली फोनवर सांगतात, की परीक्षेत पाठ केलेलं काही विचारत नाहीत, ‘आधी काय कराल’ असं विचारतात. दोन रुग्ण एकाच वेळी बोलावताहेत, आधी कोणाकडे जाल? हे ज्यांना जमतं त्यांतल्या बहुतेक जणींना कोणीतरी कधीतरी एका रुग्णापाशी थांबवून विचारलेलं असतं. तक्त्यानं नव्हे.

एक गोष्ट अजून तुमच्याशी बोलायची राहिली, आणि तिच्यावर माझं मत पक्कं नाही. रात्रपाळीचं. तुमच्या कॉलेजांनी मुलींच्या रात्रपाळ्या जवळजवळ काढूनच टाकल्या. त्यावर जुन्या डिप्लोमावाल्यांनी टीका केली, की या मुली नोकरीला लागतात आणि पहिल्याच रात्री घाबरतात. रुग्णालयांना पुन्हा काही महिने शिकवावं लागतं. टीका अगदीच खोटी नव्हती. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता माझ्याच जागेवर ट्यूटर आहे, तीही मला हेच म्हणते: मॅडम, रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलेंडर बदलायची वेळ आल्याशिवाय मुलगी नर्स होत नाही. रात्रीचा वॉर्ड दिवसापेक्षा वेगळा असतो, नातेवाईक झोपलेले, डॉक्टर फोनवर, आणि रुग्णाला भीती वाटते ती रात्रीच. हे शिकायला हवं, मला मान्य आहे. पण आज जी रात्र मुलींना मिळते ती शिकण्याची नसते. एका वॉर्डात एक स्टाफ आणि दोन विद्यार्थिनी, आणि स्टाफ दुसऱ्या वॉर्डात धावलेली.

मी आमच्या परिषदेच्या एका बैठकीत उपाय सुचवला होता: रात्र द्या, पण मोजक्या रात्री द्या, आणि त्या रात्री ट्यूटरनं मुलींबरोबर वॉर्डात थांबायचं. जशी तुमच्याकडची शिक्षिका दिवसा थांबते तशी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागच्या रांगेतल्या एका प्राचार्यांनी विचारलं, ट्यूटरला नाईट अलाउन्स कोणत्या हेडखाली द्यायचा? त्यावर बरीच चर्चा झाली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीला मी निवृत्त झालेली होते. तुमच्याकडे निनावी देणगी देणारं कोणीतरी होतं, तसं आमच्याकडे कोणी असेल तर त्यांनी त्या हेडची तेवढी सोय करावी, म्हणून हे पत्र जाहीर.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका